वेपिंग शिकवायचंय? आधी विचारायला शिकवा

तुमचा प्रश्न असा आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांना वेपिंग, म्हणजे ई-सिगारेट ओढणं, हा विषय सिम्युलेशनमधून, म्हणजे खरा वाटेल असा प्रसंग उभा करून, शिकवायचा आहे. लॅबमध्ये दोन खाटा, सीपीआरचा एक अर्धा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) आणि बाळाची एक बाहुली, एवढंच आहे. श्वास, नाडी दाखवणाऱ्या हाय-फिडेलिटी मॅनिकिनचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे पडून आहे. त्यात ही वस्तू आपल्याकडे बंदी असलेली. मग दाखवायचं काय आणि शिकवायचं काय?

मॅनिकिनसाठी थांबू नका. तो आला तरी या विषयात त्याचा उपयोग बेताचाच. धाप लागलेला रुग्ण, खाली येणारं ऑक्सिजन, छातीतली करकर (क्रेपिटेशन्स) हे सगळं न्यूमोनियाच्या सिनॅरिओतही (रचलेल्या प्रसंगातही) शिकवून होतं. वेपिंगमध्ये वेगळं शिकवायचं आहे ते हिस्टरी घेणं, म्हणजे रुग्णाला विचारून माहिती काढणं. रुग्ण वेप ओढतो हे वॉर्डात कळत नाही, कारण कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर अशा पद्धतीनं की खरं उत्तर द्यायची त्याला सोय राहत नाही. हे शिकवायला खाटेवर बोलणारा माणूस हवा. तो तुमच्याकडे आहे: गॅदरिंगला नाटकात काम करणारा चौथ्या वर्षाचा एखादा मुलगा.

हिस्टरीवर इतका भर का, ते अमेरिकेतल्या २०१९ च्या साथीवरून समजतं, आणि विद्यार्थ्यांना मी तीच आधी सांगते. त्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांत धडधाकट तरुण मुलं खोकला, धाप, छातीत दुखणं अशा तक्रारी घेऊन दाखल व्हायला लागली. बऱ्याच जणांना ताप होता, आणि उलट्या-जुलाब-पोटदुखीही. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक्स चालू व्हायची आणि फरक पडायचा नाही. दोन्ही फुफ्फुसांत पांढुरके डाग, पण जंतू सापडत नाहीत. दुवा जुळला तो वेपिंगच्या हिस्टरीतून. वेपिंगमुळे फुफ्फुसांना होणाऱ्या या इजेला पुढे इव्हाली (EVALI) असं नाव पडलं. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेकडे २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली होती. बहुतेकांनी टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, असलेली कार्ट्रिजं (वेपमध्ये बसवायच्या तेलाच्या कुप्या) वापरली होती. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातल्या द्रवाची तपासणी केली तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. तेल दाट करायला बेकायदा विक्रेते ते मिसळत होते.

यातलं नर्सच्या कामाचं काय, ते नीट बघा. इव्हाली सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी नाही. संसर्ग आणि इतर कारणं वगळायची, एक्स-रे किंवा सीटी बघायचा, आणि लक्षणं सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांत वेपिंग झालं होतं का ते शोधायचं. हा शेवटचा धागा यंत्र देत नाही. रात्री अडीच वाजता रुग्णापाशी जी सिस्टर असते, तिला तो सापडतो किंवा निसटतो.

"पण मॅडम, आपल्याकडे तर बंदी आहे," हे वाक्य वर्गातून येणारच. आहे बंदी. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला, त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात हे सगळं त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. बंदी योग्य की अयोग्य हा वाद तुम्ही सिनॅरिओत आणू नका. विद्यार्थ्यांना एवढंच कळू दे की बंदीमुळे वस्तू दिसेनाशी होते आणि रुग्ण ती लपवतो, म्हणून विचारण्याचं काम अवघड होतं. २०१६-१७ च्या प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ई-सिगारेट वापरणारे ०.०२ टक्के होते. २०१९ च्या शालेय सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या मुलामुलींमध्ये एकदा तरी वापरलेले २.८ टक्के निघाले. वयोगट वेगळे, त्यामुळे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाढ मोजता येत नाही, पण नजर कुठल्या वयाकडे ठेवायची ते कळतं.

त्याच प्रौढ सर्वेक्षणातला महाराष्ट्राचा आकडाही फळ्यावर लिहा: धूरविरहित तंबाखू २४.४ टक्के, धूम्रपान ३.८ टक्के. म्हणजे तुमची विद्यार्थिनी उद्या सिव्हिल हॉस्पिटलात उभी राहील तेव्हा तिच्यासमोर वेपवाल्यापेक्षा मशेरी लावणारी आजी आणि खर्रा खाणारा रिक्षावाला कितीतरी जास्त वेळा येणार आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वेपिंगचं वेगळं 'मॉड्यूल' करू नये. तंबाखूची पूर्ण हिस्टरी घ्यायला शिकवा, आणि वेप हा तिच्यातला एक न चुकवायचा प्रश्न असू दे.

आता तयारी. पहिला नियम: लॅबमध्ये खरा वेप आणायचा नाही. 'फक्त दाखवायला' म्हणूनही नाही, आणि कुणा विद्यार्थ्याला 'मिळवून आण' असं गमतीनंही म्हणायचं नाही. साठवणुकीचं कलम वर सांगितलंच आहे, आणि तुम्हीच मागणी तयार करताय असा अर्थ होतो तो वेगळाच. त्याऐवजी जुना पेन ड्राइव्ह, हायलायटर आणि जाडसर पेन यांवर रंगीत टेप गुंडाळून तीन डमी करा. विद्यार्थ्यांना यातून आपोआप कळतं की ही वस्तू कंपासपेटीत पडली असेल तरी ओळखू येणार नाही. एक डमी रुग्णाच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात अर्धवट दिसेल अशी ठेवा. केकवाल्यांकडे मिळणारा आंब्याचा किंवा स्ट्रॉबेरीचा इसेन्स कापसावर दोन थेंब टाकून टी-शर्टच्या कॉलरला लावा. तापलेल्या, धाप लागलेल्या मुलाच्या अंगाला गोड फळाचा वास येतोय, हे किती जणांच्या लक्षात येतं ते बघा.

बाटलीत कापूस ठेवून त्यातून धूर ओढायचा आणि काळा झालेला कापूस दाखवायचा, हा तंबाखूविरोधी सप्ताहातला आवडता प्रयोग वेपसाठी करायचा विचार असेल तर सोडून द्या. वेपमध्ये जळण नाही, त्यामुळे काजळी आणि डांबर नाही. कापूस जवळपास स्वच्छ राहतो. पब्लिक हेल्थ इंग्लंडने डिसेंबर २०१८ मध्ये असाच प्रयोग करून व्हिडिओ काढला होता, तो सिगारेट सोडून वेपकडे वळणं कमी घातक आहे हे पटवण्यासाठी. तुमचा विद्यार्थी ते बघून 'म्हणजे हे निर्धोकच' असा निष्कर्ष काढेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. एकूणच घाबरवण्याचे प्रयोग म्हणजे सिम्युलेशन नव्हे. त्यात विद्यार्थी फक्त बघतो, काही ठरवत नाही.

मुख्य सिनॅरिओ असा. रोहन, वय १९, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्यात हॉस्टेलवर. पाच दिवस ताप आणि कोरडा खोकला, तीन दिवस उलट्या-जुलाब, कालपासून धाप. हॉस्टेलजवळच्या डॉक्टरांकडून तीन दिवस अँटिबायोटिक झालं. डेंगीची तपासणी निगेटिव्ह. आई सांगलीहून सकाळी पोचली आणि तीच त्याला कॅज्युअल्टीत घेऊन आली. ताप ३८.४ सेल्सिअस, नाडी ११८, श्वसन मिनिटाला २८, रक्तदाब ११०/७०, ऑक्सिजन रूम एअरवर ९१ टक्के. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना धूसर सावल्या. आईची भूमिका एखाद्या ट्यूटरनं करावी. विद्यार्थ्यांना ती भूमिका झेपत नाही. त्यांना हसू येतं.

मॉनिटर नाही म्हणून अडत नाही. व्हायटल्स मोठ्या अक्षरात कार्डांवर लिहा आणि विद्यार्थी प्रत्यक्ष मोजेल तेव्हाच ते कार्ड द्या. नाडीवर बोट न ठेवणाऱ्याला आकडा मिळायचा नाही. पाच मिनिटांत ऑक्सिजन लावला नाही तर ८८ चं कार्ड पुढे करा. डोकं उंच करून ऑक्सिजन चालू केला तर थोड्या वेळानं ९५ चं.

एका फेरीत सहा जण: दोघं रुग्णापाशी, एक नोंदी करणारा, तीन निरीक्षक. निरीक्षकांना नुसतं बसवलं तर ते मोबाइल बघतात, म्हणून त्यांना ठरवून काम द्या. एकानं विचारलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहून काढायचा. दुसऱ्यानं फक्त आईकडे बघायचं. तिसऱ्यानं घड्याळ लावून ऑक्सिजन मोजला कधी, लावला कधी, डॉक्टरांना कळवलं कधी, हे टिपायचं. पहिल्याची यादी डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे फेरीनंतरच्या चर्चेत, सोन्याच्या मोलाची ठरते.

बहुतेक गटांत काय घडतं ते सांगते. विद्यार्थिनी विचारते, "काही व्यसन वगैरे?" आई लगेच म्हणते, "छे हो सिस्टर, आमचा मुलगा तसला नाही." रोहन चादरीकडे बघतो. नोंद होते, 'व्यसन: नाही', आणि पुढचा प्रश्न जेवणाचा. तीन चुका एका वाक्यात झाल्या. प्रश्नातच निवाडा होता, तो आईसमोर विचारला, आणि उत्तर रुग्णाऐवजी आईचं लिहिलं. सिनॅरिओ तिथे थांबवू नका, चालू द्या.

जमलेल्या फेरीत साधारण असं होतं. सिस्टर म्हणते, "काकू, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या गाडीत राहिल्यात ना? तेवढ्या घेऊन येता का, तोवर मी याला तपासते." आई गेल्यावर पडदा ओढते, खाटेच्या उंचीला येते. "रोहन, हे मी प्रत्येकालाच विचारते, कारण औषध त्यावर ठरतं. तंबाखू, मावा, सिगारेट, हुक्का, वेप, पॉड, यातलं गेल्या तीन महिन्यांत काही? एकदा जरी?"

इथे कलाकाराला एक सूचना पक्की द्या: पाच सेकंद गप्प राहायचं. विद्यार्थी त्या शांततेत घाबरून बोलायला लागला, "बघ हं, हे शरीराला फार वाईट असतं," तर रोहननं म्हणायचं, "नाही, काही नाही." तो गप्प थांबला तर रोहन सांगतो, "सिगारेट नाही ओढत मी. वेप आहे. पण त्यात नुसती वाफ असते ना?"

या प्रश्नावर विद्यार्थ्याला भाषण द्यायची भयंकर इच्छा होते, कारण कालच्या लेक्चरमध्ये ते पाठ झालेलं असतं: ती पाण्याची वाफ नसून प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादाच्या रसायनांचे बारीक कण असतात, निकोटीन सॉल्टमुळे (निकोटीनच्या सौम्य लागणाऱ्या रूपामुळे) घसा न खवखवता भरपूर निकोटीन आत जातं, वगैरे. सगळं खरं. पण ऑक्सिजन ९१ असलेल्या मुलाला हे आत्ता ऐकवायचं नसतं. आत्ता पुढचा प्रश्न हवा: "नुसता फ्लेवर, की त्यात गांजाचं तेलही?" तो विचारला तरच रोहन मित्राकडून घेतलेल्या कार्ट्रिजचं सांगतो. मग नोंदीत काय यावं? उपकरण कोणतं, आत काय होतं, कधीपासून, दिवसातून किती वेळा, शेवटचं कधी, कुठून आणलं, आणखी कुणी तेच वापरलं का. हा शेवटचा मुद्दा विसरला जातो. हॉस्टेलमधला रूममेट तेच कार्ट्रिज ओढत असेल तर उद्या तोही याच खाटेवर येऊ शकतो.

आणि एक वाक्य विद्यार्थ्यांकडून घोटून घ्या, कारण ऐन वेळी चुकीचं तोंडातून जातं. "मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. ते पाळता येत नाही. "उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मला सांगावं लागेल. आईशी कधी आणि कसं बोलायचं ते आपण तुझ्याशी बोलून ठरवू," असं म्हणायचं. रोहन प्रौढ आहे म्हणून हे इतकं सरळ आहे. दुसऱ्या फेरीत त्याचं वय १६ करा आणि गट कुठे अडखळतो ते बघा. तिथे वरिष्ठ डॉक्टर आणि समुपदेशकाला मध्ये घेणं हाच योग्य निर्णय, आणि 'मी एकटी ठरवणार नाही' हे ओळखणंही शिकायचंच आहे.

फेरीचा शेवट रेसिडेंट डॉक्टरांना फोन करून होतो, आयएसबीएआर पद्धतीनं: आपली ओळख, परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण आणि सूचना, या क्रमानं. डॉक्टर झोपेतून उठल्यासारखे बोलतील, घाईत असतील, "न्यूमोनिया आहे, चालू ठेवा" म्हणतील असं ठेवा. विद्यार्थिनीनं आवाज न चढवता पुन्हा म्हणायला हवं: "सर, तीन दिवस अँटिबायोटिक होऊनही ऑक्सिजन ९१ आहे, आणि गेल्या तीन महिन्यांत टीएचसीचं वेपिंग आहे. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं." हे एक वाक्य बोलता येणं हे या सगळ्या खटाटोपाचं फळ. पण त्यासोबत एक सावधगिरीही शिकवा. वेपिंगची हिस्टरी मिळाली म्हणजे निदान झालं असं नाही. आपल्याकडे टीबी, इन्फ्लुएन्झा, कोविड, लेप्टो, डेंगी ही यादी आधी तपासायची असते. मास्क काढून टाकणारा किंवा थुंकीचा नमुना विसरणारा गट 'आम्ही शोधलं' या आनंदात असतो. त्याला जरा अडवा.

सिनॅरिओ पंधरा मिनिटांचा असेल तर डीब्रीफिंग तीस मिनिटांचं. वेळ कमी पडला तर सिनॅरिओ कापा, डीब्रीफिंग नको. अमेरिकेतल्या नर्सिंग परिषदांच्या राष्ट्रीय मंडळाचा २०१४ चा मोठा अभ्यास सिम्युलेशनच्या बाजूनं नेहमी सांगितला जातो: क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशननं भरले तरी परवाना परीक्षेच्या निकालात फरक पडला नाही. पण तिथे शिक्षक प्रशिक्षित होते आणि डीब्रीफिंग पद्धतशीर होतं, ही अट सांगायची राहून जाते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या सुधारित अभ्यासक्रमातही सिम्युलेशनला जागा आहे. मात्र बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ मॅनिकिनवर प्रोसिजर करून चेकलिस्टवर टिक करणं, एवढाच घेतला जातो. (बाहुलीवर शिकवणं तसं जुनंच आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग स्कूलमध्ये 'मिसेस चेस' नावाची माणसाच्या उंचीची बाहुली १९११ मध्ये आली, तेव्हा वीजही लागत नव्हती.)

डीब्रीफिंगची सुरुवात चुकांपासून करू नका. आधी मनातलं बाहेर येऊ द्या. मग निरीक्षकाची प्रश्नांची यादी मोठ्यानं वाचायला लावा, टीका न करता. 'काही व्यसन वगैरे?' हे स्वतःचंच वाक्य ऐकताना मुली आपणहून चपापतात. त्यानंतर तुम्ही विचारा, "आई बोलली तेव्हा तू थांबलीस, हे मला दिसलं. मला काळजी वाटली की रोहनचं उत्तर राहून गेलं. त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" उत्तर बहुतेक वेळा माहितीच्या अभावाचं नसतंच. "मोठ्या माणसासमोर असं कसं विचारायचं?", "तिला वाईट वाटलं असतं", "मुलगा चांगल्या घरातला दिसत होता". शेवटच्या वाक्यावर थांबा. चांगल्या घरातला म्हणजे कसा दिसतो, हे गटालाच बोलू द्या. पुस्तकातून न येणारं शिक्षण इथे घडतं.

"पोलिसांना कळवायचं का?" हाही प्रश्न येतो. शांतपणे उत्तर द्या. ई-सिगारेटच्या २०१९ च्या कायद्यातल्या शिक्षा धंदा, विक्री, साठवण यांसाठी आहेत. वापरणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा त्यात नाही. गांजाचा विषय अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतो आणि तिथे सेवनही गुन्हा आहे. पण मेडिको-लीगल नोंद करायची की नाही हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचा. नर्सचं काम खरी हिस्टरी घेणं, ती जशीच्या तशी लिहिणं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवणं. आपण पोलिसांच्या बाजूचे आहोत असं रुग्णाला वाटलं तर पुढच्या रुग्णाची हिस्टरीही मिळत नाही.

प्रीब्रीफिंगबद्दल, म्हणजे फेरीआधीच्या सूचनांबद्दल, आता बोलते, खरं तर आधीच बोलायला हवं होतं, पण त्याचं महत्त्व डीब्रीफिंग समजल्यावरच पटतं. साठ विद्यार्थ्यांत काही जण स्वतः वेप ओढत असतील असं धरूनच चाला. 'तुमच्यापैकी कोण कोण करतं?' असा प्रश्न वर्गात कधीही, गमतीतही, विचारू नका. सुरुवातीलाच सांगा की या खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही, कामगिरीला गुण नाहीत, आणि हा विषय कुणाला घरच्या कारणानं जड जात असेल तर न विचारता निरीक्षकाची भूमिका मिळेल. तंबाखू राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवा, 'रुग्णांना द्यायला' म्हणून. ज्याला स्वतःसाठी हवा तो टिपून घेतो.

बाळाची बाहुली आहे म्हणता, तर दुसरा सिनॅरिओ तिच्यावर बसवा. मात्र बाहुली नवजात नको, दीड-दोन वर्षांच्या मुलाएवढी मिळाली तर बरी. मोठ्या भावाच्या सॅकमधली वेपमध्ये भरायच्या निकोटीनच्या द्रवाची बाटली मुलानं तोंडात घातली. उलटी, लाळ, घाम, पांढरा पडलेला चेहरा, नाडी जलद. निकोटीनचं विष दोन टप्प्यांत चालतं: आधी सगळं उत्तेजित होतं, मग नाडी आणि रक्तदाब खाली, झटके, श्वसनाचे स्नायू थकतात. म्हणून पहिल्या टप्प्यात 'उलटी झाली, आता बरं आहे' म्हणून घरी पाठवणं धोक्याचं. मुद्दाम उलटी करवायची नाही. कपड्यांवर द्रव सांडला असेल तर ते काढून कातडी साबण-पाण्यानं धुवायची, आणि नर्सनं ग्लोव्हज घालायचे, कारण निकोटीन कातडीतूनही शोषलं जातं. त्यावर विशिष्ट उतारा नाही. श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण सांभाळायचं आणि डॉक्टर सांगतील तसं झटक्यांचं औषध, ॲट्रोपिन तयार ठेवायचं. इथेही कार्डं दोन टप्प्यांत बदला आणि भावाला खोलीत गप्प उभा ठेवा. त्याला कुणी, न ओरडता, विचारतं का ते बघायचं.

तिसरा भाग समुपदेशनाचा. याला खाट लागत नाही, दोन खुर्च्या पुरतात. रोहन बरा होऊन घरी निघालाय. विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पाठपुरावा ठेवा, हे पाच टप्पे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. प्रत्यक्षात ते सल्ल्यावरच अडकतात. त्यांना एक बंधन घाला: पहिली तीन मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, माहिती द्यायची नाही. उठल्यावर किती वेळात पहिला झुरका घेतोस, हा एकच प्रश्न अवलंबित्वाबद्दल पुष्कळ सांगून जातो. निकोटीन च्युइंगमचा सराव साध्या च्युइंगमवर करून घ्या, कारण 'चघळा' एवढंच सांगितलं की रुग्ण ते बबलगमसारखं खातो, उचकी लागते आणि तो सोडून देतो. सावकाश चावायचं, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी-सरबत नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. वेप सोडवण्यात गमचा पुरावा सिगारेटइतका भक्कम नाही, हेही सांगा; खोटी खात्री देऊ नये. आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र कुठे व्यसनमुक्ती केंद्रात दिसलं तर विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं की फक्त वेप ओढणाऱ्याचा आकडा त्यावर साधारण स्वच्छच येतो. काही जळलेलंच नसतं.

तुमचे काही विद्यार्थी पुढे ब्रिटनला जाणार असतील, तर त्यांच्यासाठी एक अवघड जागा आहे. तिथे डिस्पोजेबल वेपवर १ जून २०२५ पासून बंदी आली, पण सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाला ती सोडण्यासाठी वेपकडे वळायला आरोग्यसेवेतली नर्स स्वतः सांगते, आणि वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पुरावा-आढाव्याचाही त्याला आधार आहे. त्याच वेळी न ओढणाऱ्यानं आणि लहान मुलांनी सुरू करू नये असंही ती सांगते. आपल्याकडे तो सल्ला देता येत नाही, कारण रुग्णाला बेकायदा बाजारात पाठवल्यासारखं होईल आणि तिथल्या मालात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही नर्सेस आपापल्या जागी बरोबर आहेत. हे विद्यार्थ्यांना पचायला जड जातं, पण त्यांच्यापासून लपवू नका.

मूल्यमापनासाठी लगेच प्रश्नपत्रिका काढू नका. तिच्यात सगळे पास होतात. त्याऐवजी पंधरा दिवसांनी वॉर्डातल्या त्यांच्या केस स्टडीज घ्या आणि फक्त तंबाखूचा रकाना वाचा. 'व्यसन: नाही' एवढंच लिहिलंय, की काय-काय विचारलं आणि कुणी उत्तर दिलं ते लिहिलंय? फरक तिथे दिसतो, नाहीतर दिसत नाही.

राहिला साठ जणांचा हिशेब. सहा-सहाचे दहा गट होतात. प्रीब्रीफिंग दहा मिनिटं, सिनॅरिओ पंधरा, डीब्रीफिंग तीस, आवराआवर पाच. म्हणजे गटाला एक तास. एका दिवसात पाचपेक्षा जास्त गट घेऊ नका, पाचव्या गटापर्यंत रोहनचा खोकला खरा व्हायला लागतो. दोन दिवस घ्या, कलाकारही दोन ठेवा. पहिल्या दिवसाच्या गटांनी दुसऱ्या दिवसाच्या गटांना गुपित सांगितलं असणारच, म्हणून दुसऱ्या दिवशी वेपचा डमी सॅकमध्ये तसाच ठेवून रुग्ण बदला: वेप ओढणारी मुलगी खाटेवर, आणि सोबत आईऐवजी वडील.